घराचें अभ्यंगस्नान

दिवाळी जवळ आली कीं आमच्या गांवांत गृहस्थांच्या तोंडीं दोन प्रश्न हमखास ऐकूं येऊं लागतात: धानाला भाव काय, आणि रंगाऱ्याचा भाव काय. अलीकडे चारपांच वर्षांत त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "बाहेरून घर धुवून घ्यायला काय पडतें हो?" पूर्वीं हा प्रश्न कोणी विचारीत नसे. घर धुण्याचें काम आषाढ-श्रावण फुकट करीत, आणि त्या धुण्यानें उठलेले डाग झांकण्याचें काम चुन्याची बादली व कुंचा करीत असे. आतां भिंती धुणारें यंत्र निघालें आहे, तें चालविणारे धंदेवाईक निघाले आहेत, आणि अर्थातच त्यांचें बिलहि निघूं लागलें आहे. या बिलाविषयीं मला कांहीं सांगावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु एकत्र कुटुंबांत ज्यावरून तीन घरचीं माणसें आठ दिवस एकमेकांशीं मोजकें बोलूं लागतात, त्या विषयाला क्षुल्लक म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

संस्कृतांत 'सुधा' या शब्दाचा एक अर्थ अमृत व दुसरा अर्थ चुना असा आहे. चुन्यानें लिंपलेलें घर तें 'सौध'. शाळेंत मुलें 'सौध म्हणजे राजवाडा' एवढें पाठ करितात आणि पुढें जातात. पण राजवाड्याला हें नांव त्याच्या खांबांवरून किंवा कळसांवरून न मिळतां भिंतीवरच्या चुन्याच्या हातावरून मिळालें आहे, ही गोष्ट मला नेहमींच मौजेची वाटत आली आहे. आपल्या पूर्वजांना घराचें बाह्यांग किती मोलाचें वाटत होतें हें त्या एका शब्दांत आलें.

चुन्याची करामतहि तशीच आहे. चुनखडी सुमारें नऊशें अंश सेल्सिअसला भाजली म्हणजे तींतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवला कीं उकळ्या फुटतात, हें आपण सर्वांनीं लहानपणीं डोळे विस्फारून पाहिलें आहे. त्याचा हात भिंतीवर दिला म्हणजे तो हवेंतून तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होऊन बसतो. म्हणजे कुंच्यानें आपण भिंतीवर दगडाचाच एक पातळ पापुद्रा चढवीत असतों. शिवाय ताजा चुना इतका जहाल क्षारयुक्त असतो कीं त्यावर शेवाळाला पाय रोवतां येत नाहीं. आमच्याकडे कटनीचा चुना येई. त्यांत थोडी नीळ आणि बाभळीचा डिंक घालीत. घरांतल्या पोरांनीं डोळ्यांना न लागेल अशा बेतानें दूर उभें राहावें, एवढाच त्या समारंभाचा नियम असे.

पुढें सिमेंट आलें, बाहेरच्या भिंतींना लावावयाचे डब्यांतले रंग आले, आणि दरसालचा चुना बंद पडला. डब्यांतला रंग पांचसात वर्षें टिकतो असें सांगतात, व टिकतोहि. पण त्या पांचसात वर्षांत भिंत काळी पडते त्याचें काय, हें डब्यावर लिहिलेलें नसतें. भंडारा जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सुमारें १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पवनी तर वैनगंगेच्या कांठीं वसलेली. परकोटाचे अवशेष, देवळें, घाट असें सगळें जुनें बांधकाम अंगावर घेऊन बसलेली. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं उत्खनन केलें, तेव्हां प्राचीन बौद्ध स्तूपाचे विटांचे अवशेष निघाले. त्या विटा मातीखालीं सुखरूप राहिल्या. आमच्या विटा उघड्यावर आहेत. पावसाळाभर ओल्या राहिलेल्या भिंतीवर सूक्ष्म शैवालें वाढतात, पाऊस संपला कीं वाळतात आणि काळीं पडतात. हा काळेपणा धुराचा नव्हे व धुळीचाहि नव्हे. तो एक प्रकारचा वाळलेला बगीचा आहे. उत्तरेकडील भिंत सर्वांत काळी कां, याचें उत्तरहि यांतच आहे: तिला ऊन लागत नाहीं.

भिंत धुण्याचें यंत्र चालतांना मीं प्रथम पाहिलें तें २०२० सालीं. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, आणि तो ओसरल्यावर नदीकडच्या वस्तींत भिंतींवर गाळाची रेघ राहिली. ती रेघ वाळून घट्ट बसली होती. तेव्हां मोटारसायकली व ट्रॅक्टर धुण्याच्या 'वॉशिंग सेंटर'मधलें यंत्र एका हातगाडीवर घालून एक तरुण दारोदार फिरत होता. लांब नळींतून निघालेली पाण्याची धार भिंतीवर फिरली कीं मागें स्वच्छ पट्टा उमटे; पाटीवरचा खडू ओल्या बोळ्यानें पुसावा तसा. सारी गल्ली तो पट्टा पाहायला उभी राही. मनुष्याला स्वच्छ होणारी वस्तु पाहण्यांत जें सुख होतें तें स्वच्छ वस्तु पाहण्यांत होत नाहीं, असें माझें त्या दिवशीं मत झालें.

हें यंत्र करितें तरी काय? घरावरील टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाच्या तोंडाशीं पाण्याचा दाब सुमारें एक बार असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम. हें यंत्र तोच दाब शंभर ते दीडशें बारपर्यंत नेतें. पाणी फार लागत नाहीं, मिनिटाला सातआठ ते दहा लिटर. सारा प्रताप दाबाचा. जर्मनींतील आल्फ्रेड कार्चर यांच्या कारखान्यानें १९५० सालीं गरम पाण्याचें असें यंत्र बनविलें, आणि तेथून या धंद्यानें पुढें जगभर पाय पसरले. यंत्राच्या टोंकाला जें नोझल बसवितात त्याचे रंग ठरलेले असतात: तांबडें म्हणजे सुईसारखी सरळ धार, पिवळें पंधरा अंशांत पसरणारी, हिरवें पंचवीस अंशांत, पांढरें चाळीस अंशांत. धार जितकी अरुंद तितकी ती खोल चावते. तांबड्या नोझलची धार जवळून हातावर आली तर कातडी फोडून आंत शिरते. हें यंत्र पोराबाळांच्या हातीं देण्याचें नव्हे. या रंगांचा आणि बिलाचा फार जवळचा संबंध आहे. तो पुढें येईल.

आमच्या घराची गोष्ट सांगतों, कारण आंकड्यांवांचून हा विषय समजत नाहीं. मूळ घर आजोबांच्या वेळचें, विटा व चुन्याचें, वर कवेलू. त्याला लागून १९८४ सालीं सिमेंटचा भाग बांधला. भोंवतीं कुंपणाची भिंत, मधें फरशीचें आंगण, त्यांत तुळशीवृंदावन आणि विहीर. मालकी तीन वांट्यांची: थोरले बंधु आतां नाहींत, त्यांच्या वांट्याला वहिनी व त्यांचे चिरंजीव, दुसरा मी, तिसरे धाकटे बंधु, ते पुण्यास असतात व सणावारास येतात. गेल्या श्रावणांत, मंगळवारीं पहांटे, वहिनी तुळशीला पाणी घालायला निघाल्या आणि आंगणांतील शेवाळावर घसरल्या. वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या मनगटाचें हाड मोडलें. दीड महिना हात गळ्यांत होता, आणि त्या दीड महिन्यांत सूनबाईंना विचारल्याशिवाय त्यांना कपाळाला गंधहि लावतां येत नव्हतें. ज्या बाईनें चाळीस वर्षें या घरांत कोणाला हातीं पाणी मागूं दिलें नाहीं, तिला वेणी घालण्यासाठीं नातीची शाळा सुटण्याची वाट पाहावी लागे. तेव्हां यंदा घर धुवावयाचें यावर घरांत दुमत नव्हतें. दुमत झालें तें पैशावर.

पुतण्यानें मोजमाप घेतलें. चुन्याची उत्तर भिंत आठ ब्रास, सिमेंटचा भाग सात, कुंपणाची भिंत दोन्हीं अंगांनीं पांच, आंगण चार. एकूण चोवीस ब्रास, म्हणजे २,४०० चौरस फूट. मोठ्या शहरांतील एका पेढीकडे त्यानें फोनवरून विचारणा केली. दर फुटाला सहा रुपये, म्हणजे १४,४००. त्यावर १८ टक्के जी. एस. टी. म्हणजे २,५९२, आणि येण्याजाण्याचे २,०००. बेरीज १८,९९२ रुपये. त्या पेढीच्या माणसानें वर अशीहि सूचना केली कीं दगडी पायऱ्यांवर ॲसिड मारूं, म्हणजे त्या नव्यासारख्या होतील. शंखावर लिंबू पिळून ठेवलें तर काय होतें हें ज्यानें पाहिलें आहे त्याला चुन्याच्या दर्जांवर ॲसिड मारण्याचा सल्ला कोणी देऊं नये. ती बोलणी तेथेंच संपली.

गांवांतला तो पुराच्या वेळचा तरुण आतां चांगला धंदेवाईक झाला आहे. त्यानें येऊन घर पाहिलें, भिंतीवर नखानें ओरखडून पाहिलें, आणि फुटाला तीन रुपये सांगितले. परांची लागली तर १,५०० वेगळे. म्हणजे ७,२०० आणि १,५०० मिळून ८,७००. पाणी व वीज घरमालकाची. पुतण्यानें लगेच दोन रुपये म्हटलें. तो काय बोलतो तें ऐकत मी ओसरीवर बसलों होतों. घासाघीस करणें हा आपल्या लोकांचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि ती करतांना आपण फार व्यवहारदक्ष आहों अशी एक सुखद भावना मनाला होत असते. डॉक्टरच्या बिलापुढें, वकिलाच्या बिलापुढें ही दक्षता कोठें जाते, हा प्रश्न मीं अनेकदां घरांत विचारला आहे. त्याचें उत्तर अद्याप मिळालेलें नाहीं.

तो तरुण रागावला नाहीं. त्याचा बाप एके काळीं माझ्या वर्गांत होता, म्हणून असेल, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दोन रुपयांत करीन गुरुजी, पण मग पिवळें लावावें लागेल."

पुतण्याला याचा अर्थ कळला नाहीं. मलाहि तो त्यानें समजावून सांगितल्यावर कळला. पांढरें नोझल लावून, भिंतीपासून दोन हात दूर उभें राहून, वरून खालीं सावकाश काम केलें तर चोवीस ब्रासाला दोन दिवस लागतात. पिवळें लावून जवळून मारलें तर तेंच काम एका दिवसांत उरकतें. शेवाळ दोन्हीं रीतींनीं निघतें, आणि संध्याकाळीं घरमालकाला दोन्हीं भिंती सारख्याच स्वच्छ दिसतात. फरक पुढच्या पावसाळ्यांत दिसतो: पिवळ्या धारेनें रंगाचा वरचा थर आणि गिलाव्याचें तोंड उकरलेलें असतें, त्या बारीक खड्ड्यांत पाणी मुरतें, आणि शेवाळ पूर्वींपेक्षां दुप्पट जोमानें उगवतें. आमच्या एका आप्तांच्या घरीं, दुसऱ्या जिल्ह्यांत, हेंच झालें. त्यांच्या दर्शनी भिंतीचा पोपडा ताटाएवढा सुटून तुळशीवर पडला. त्यांनीं धुण्याचे दिले असतील तीनएक हजार, आणि गिलाव्याला पुढें बावीस हजार मोजले. दर फुटावर ठरतो आणि भिंत मागते वेळ, असा हा व्यवहार आहे. दर पाडला कीं वेळ कापला जातो. दुसरें कापण्यासारखें त्याच्याजवळ असतेंच काय? यंत्राचे ४५,००० त्यानें पतपेढींतून काढलेले. नळी दोन वर्षांत जाते, नोझल झिजतें. आणि हंगाम सारा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. उरलेले दिवस ट्रॅक्टर.

मीं त्याला म्हटलें, तीनच रुपये. पण आधीं विहिरीमागें हातभर चौकोन धुवून दाखव. हा चौकोन धुवून पाहण्याचा उपाय मी वाचकांना मुद्दाम सुचवितों. त्याला खर्च नाहीं आणि कोणाचा अपमानहि नाहीं.

सिमेंटच्या भिंतीवरील चौकोन पांढऱ्या नोझलनें सुरेख निघाला. चुन्याच्या भिंतीवरील चौकोन धुतल्यावर मीं खालीं वांकून फरशीवरचें पाणी पाहिलें. त्यांत वाळू होती. शेवाळाचा हिरवा-काळा गाळ वेगळा, आणि त्याच्या कडेला ही पिवळट, स्वच्छ वाळू वेगळी. चिमटींत घेतली, बोटांना करकरली. ती भिंतीची होती. जुन्या गिलाव्यांत चुना, वाळू, आणि त्यांना बांधून ठेवण्यासाठीं गूळ, बेलाचा गर असें कांहींबाहीं कालवीत. घाणीवर तो चुना आठआठ दिवस मळीत. तो गिलावा सिमेंटपेक्षां मऊ असतो, आणि मऊ असतो म्हणूनच शंभर वर्षें भिंतीबरोबर आकसतो व फुगतो, ओल आंत घेतो व बाहेर सोडतो. त्याच्यावर शंभर बारांची धार म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काथ्यानें घासण्यासारखेंच आहे. तो तरुण स्वतःच मागें सरला व म्हणाला, "गुरुजी, ह्या भिंतीला मी हात लावत नाहीं." त्याच्या तोंडचे आठ ब्रास, म्हणजे २,४०० रुपये, त्या एका वाक्यानें गेले. हें मीं घरांत सर्वांना ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगितलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर खल झाला. पुण्याचे बंधु फोनवर होते. त्यांचें म्हणणें, अण्णा, चुन्याचा गिलावा काढूनच टाकूं आणि सिमेंटचा करूं, एकदांची कटकट जाईल. पुतण्यालाहि तें पटण्यासारखें वाटलें. मला पटलें नाहीं, आणि कां पटलें नाहीं तें मीं सांगितलें. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा अंगरखा चढविला तर जमिनींतून वर चढणारी ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती मग आंतल्या बाजूनें देवघरांत उतरते. शिवाय त्या कामाचा अंदाज लाखाच्या घरांत. पुण्याहून क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग बंधूंनीं विचारलें कीं ताजमहाल कसा धुतात. प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर माझ्याजवळ होतें: पुरातत्त्व खात्याचे लोक त्यावर मुलतानी मातीचा लेप देतात, वाळवतात आणि हलक्या हातानें धुवून काढतात. १९९४ पासून त्यांनीं हें अनेकदां केलें आहे. तेथें पैशाची कमतरता आहे म्हणून नव्हे. दगडाला तेंच सोसतें म्हणून.

भाचा अमेरिकेंत न्यू जर्सींत राहतो, त्यानेंहि दुसऱ्या दिवशीं या वादांत भर घातली. त्याच्याकडे घर बाहेरून धुवून घ्यावयाला तीनशें-चारशें डॉलर पडतात. म्हणजे आपले पंचवीस हजारांहून अधिक रुपये झाले. पण त्यानें कळविलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. तेथील जाणते धंदेवाले फरशीसाठीं मोठा दाब वापरतात, आणि घराच्या भिंतींना मात्र ब्लीचचें पातळ पाणी लावून शेवाळ मारतात व नळाच्या साध्या धारेनें धुवून काढतात. म्हणजे भिंतीला जोर लावूं नये हें ज्ञान त्यांनाहि पैसे खर्चून झालें आहे. तेथील मजुरी व आपली मजुरी यांची तुलना करून आपण स्वस्तांत सुटलों असें पुतण्या म्हणूं लागला, तेव्हां मीं त्याला थांबविलें. डॉलरांत बिल भरणारा डॉलरांतच मिळवीत असतो.

शेवटीं निकाल लागला तो वहिनींच्या एका वाक्यानें. त्या आंतून म्हणाल्या, "भाऊजी, भिंत काळी राहिली तरी चालेल, आंगण तेवढें कोरडें करून द्या." मग कोणी फारसें बोललें नाहीं.

काम असें झालें. आंगण, कुंपण व सिमेंटचा भाग मिळून सोळा ब्रास यंत्रानें धुतले; तीन रुपयांप्रमाणें ४,८००. मौज अशी कीं पुतण्यानें सगळ्या घराचे दोन रुपयांनीं जे ठरवूं पाहिले होते ते बरोबर एवढेच होते. परांची निम्म्याच कामाला लागली, तिचे ८००. चुन्याच्या भिंतीला यंत्र नाहींच. दोन गड्यांनीं तीन दिवस साध्या पाण्यानें आणि मऊ ब्रशानें ती घासली आणि मग चुन्याचे दोन हात दिले. रोज ६०० रुपयांप्रमाणें त्यांची मजुरी ३,६००, चुना व सामान ९००. चुना विरवतांना शेजारचीं पोरें जमलीं. उकळ्या फुटणारी बादली त्यांनीं आयुष्यांत प्रथमच पाहिली.

घासतांना एक गोष्ट उघडकीस आली. काळा पट्टा सगळ्या भिंतीवर सारखा नव्हता. वरच्या पन्हळीचा जोड जेथें सुटला होता त्याच्या बरोबर खालीं तो सर्वांत दाट होता. पावसाळाभर कवेलूंवरचें पाणी त्या जोडांतून भिंतीवर ओघळत होतें. पन्हळ दुरुस्त करण्यास २,२०० लागले. सगळ्या खर्चांत हाच पैसा मला सर्वांत कारणीं लागलेला वाटतो, आणि याचें बिल द्यावें असें कोणत्याहि धुणाऱ्याला आपण होऊन सुचणार नाहीं. गळकी पन्हळ हें त्याचें पुढच्या वर्षाचें गिऱ्हाईक आहे. पण हा तरुण तसा निघाला नाहीं. जोड त्यानेंच दाखविला.

विजेविषयीं मात्र मी कठोर झालों. तीन अश्वशक्तीची मोटर, जमिनीवर पाणी, आणि तारेला जागोजाग गुंडाळलेली चिकटपट्टी. हें पाहून मीं काम थांबविलें. घराच्या बोर्डावर गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ आहे, ३० मिलिअँपिअरची. त्या कळीवरूनच वीज घ्यावयाची, अर्थिंग जोडावयाचें, तार नवी आणावयाची, आणि पायांत रबरी बूट घालावयाचे, असें ठरलें. बूट त्याच्याजवळ नव्हते. शेतावरच्या गड्याचे दिले. त्याला त्यांत हंसूं आलें. भिंतीच्या दराविषयीं तासभर वाद घालणाऱ्या घरांत शिडीवरच्या माणसाच्या पायांकडे कोणी पाहत नाहीं, हा माझा बऱ्याच घरांतला अनुभव आहे. आणि कांहीं विपरीत घडलें तर तें बिल किती होतें, याची चौरस फुटांत मोजदाद नाहीं.

यंत्र दोन दिवसांत मिळून सात तास चाललें. पाणी विहिरीचें, तीनएक हजार लिटर गेलें असेल. कार्तिकांत विहीर भरलेली असते म्हणून तें जाणवलें नाहीं, चैत्रांत हाच विचार करवला नसता. वीज दहाबारा युनिटें. गाळाचें पाणी शेजाऱ्यांच्या परसांत जाऊं नये म्हणून आधीं एक चर काढविली. त्यांच्याशीं आमचे संबंध तीन पिढ्यांचे आहेत, ते शेवाळावरून बिघडण्याचें कारण नव्हतें. वाचकांपैकीं ज्यांना हें काम करावयाचें असेल त्यांनीं दर विचारतांना परांची, पाणी, वीज, गाळ उचलणें आणि कर यांपैकीं दरांत काय आहे व काय नाहीं तें आधींच विचारून घ्यावें. भांडणें बहुधा दराच्या आंकड्यावर होत नाहींत, त्या आंकड्याच्या पोटांत काय आहे यावर होतात.

सर्व मिळून १२,३०० रुपये झाले. तीन वांट्यांनीं ४,१०० प्रत्येकीं. मीं हिशेबाचा कागद लिहून पुण्यास पाठविला. बंधूंनीं त्याच संध्याकाळीं पैसे पाठविले आणि वर लिहिलें कीं पन्हळीचा खर्च पाहून बरें वाटलें. पुतण्यानें हिशेबाची वही पुरी करून मिटतां मिटतां त्या तरुणाला विचारून घेतलें कीं पुन्हा केव्हां यावें लागेल. त्यानें सांगितलें, भिंतींना दोन पावसाळे पाहावें लागणार नाहीं, पण आंगण सावलींत आहे, तें दरवर्षीं श्रावणाआधीं धुवावें. चार ब्रास, बाराशें रुपये. पुतण्या तें तीन वांट्यांत टाकूं लागला तेव्हां वहिनी ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. हात आतां बरा झाला आहे, फक्त मूठ पुरी वळत नाहीं. त्या म्हणाल्या, आंगणाचे बाराशें वांट्यांत घालूं नका, ते दरसाल माझ्या पेन्शनमधून जातील, आणि त्या पोराला सांगून ठेवा कीं आषाढांतच ये.

पुतण्यानें वही पुन्हा उघडली व तसें लिहून घेतलें.